आवाज बंद ठेवून दिलेले चार गुण

व्हिडिओ गेमला गुण देणं हे माझं काम होतं, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतो. मग विचारतो, म्हणजे नेमकं काय करायचात? मी सांगतो, गेम खेळायचो आणि त्यावर चाळीस शब्द लिहायचो. सोलापुरात असल्या कामाला ठेवणारं कोणी होतं, यावर त्याचा विश्वास बसत नाही. खरं तर मलाही पहिली काही वर्षं बसला नव्हता.

आमचं दैनिक लहान. मी तिथे उपसंपादक. निधन वार्ता, बाजारभाव आणि पाण्याच्या पाळीचं वेळापत्रक हे माझं रोजचं खातं. कार्यालयात नवे संगणक आले तेव्हा जेवणाच्या सुट्टीत मी त्यावर मोटारी पळवायचो. पुरवणी सांभाळणाऱ्या दीक्षित बाईंनी एकदा मागे उभं राहून दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या, "खेळताच आहात, तर लिहा तरी." शनिवारच्या पुरवणीत कोपऱ्यात काडेपेटीएवढी जागा रिकामी राहायची, ती त्यांनी मला दिली. त्या जागेत चाळीस शब्द मावायचे आणि खाली दहापैकी गुण. बाईंना छापील मजकुरात 'गेम' शब्द चालत नसे, म्हणून तिथे मी कायम 'खेळ' लिहिलं. ती काडेपेटी बावीस वर्षं टिकली.

बाहेरच्यांना वाटतं, चाळीस शब्द म्हणजे पाच मिनिटांचं काम. पण त्यासाठी पंधरा-वीस तास खेळावं लागतं. कंटाळवाणा गेमसुद्धा निम्म्यापर्यंत ओढत न्यावा लागतो, कारण काही गेम उशिरा रंगतात. मग वहीत टिपलेल्या चार-पाच पानांतून चाळीस शब्द उरवायचे. बाईंचा एक नियम होता, आकडा सगळ्यात शेवटी लिहायचा. आधी आकडा टाकला की शब्द त्याची वकिली करायला लागतात, असं त्या म्हणायच्या. मी शब्द लिहून खाली चहाला जायचो आणि परत आल्यावर आकडा टाकायचो. अर्धा गुण द्यायला बंदी होती. बाईंच्या मते ज्याला ठरवता येत नाही तोच अर्धा देतो.

या अर्ध्या गुणावरून बार्शीच्या एका आडत व्यापाऱ्याशी माझी कितीतरी शनिवारी सकाळी हुज्जत झाली. ते स्वतः कधी खेळले नाहीत. खेळायची त्यांची मुलगी, आणि तिच्या आवडत्या क्रिकेटच्या गेमला मी सहा दिले की यांचा फोन यायचा. "साडेसहा करा की मालक, तुमचं काय जातंय?" धान्याचा भाव पाडावा किंवा चढवावा तशी घासाघीस चालायची. मी एकदाही वाढवला नाही आणि त्यांनी एकदाही फोन चुकवला नाही. पुढे मुलीचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका मला आली, पाकिटावर नावाच्या जागी 'गुणवाले साहेब' एवढंच लिहून. पोस्टमननं ती बरोबर माझ्या टेबलावर आणून ठेवली.

करकंबच्या एका शिक्षकांचं कार्ड तर मी अजून जपून ठेवलं आहे. त्यांनी लिहिलं होतं, तुमचं परीक्षण आवडतं, पण आमच्याकडे मोबाइलला रेंज गच्चीच्या एका कोपऱ्यात येते, तेव्हा गेम नेटशिवाय चालतो का तेवढं कळवत जा. मोठमोठ्या शहरांतले समीक्षक मी वाचत होतो, पण ही गोष्ट कोणी सांगत नव्हतं आणि मलाही सुचली नव्हती. पुढच्या आठवड्यापासून गुणांच्या खाली एक बारीक ओळ सुरू झाली: नेट लागतं, किंवा नेट लागत नाही. माझ्या सदरातली सगळ्यात उपयोगी ओळ ही, आणि ती माझी नव्हे.

शब्दांचा अहंकार उतरवायचं काम विजापूर वेशीजवळच्या अब्दुलभाईंनी केलं. त्यांचं आधी सीडीचं आणि नंतर मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. दर शनिवारी ते माझं सदर कापून काउंटरच्या काचेखाली लावतात, असं कळल्यावर मी मोठ्या हौसेनं बघायला गेलो. बघतो तर शब्द कापून टाकलेले, नुसतं गेमचं नाव आणि आकडा. मी जरा घुश्शातच विचारलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "कित्ते लिखते जी तुम. गिऱ्हाइक को नंबर दिख्या तो बस है." त्या दिवशी घरी जाताना मला वाईट वाटलं, पण माणूस चुकीचं बोलत नव्हता. वाचणाऱ्यांतले निम्मे तरी आकडाच वाचत होते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती सांगायची तर आधी एक कबुली द्यायला हवी.

माझं टेबल निधन वार्तांच्या टेबलाला लागून होतं. घरातलं माणूस गेलेले लोक फोटो आणि कागद घेऊन समोरच्या खुर्चीत बसायचे. शेजारी माझ्या संगणकातून गोळ्यांचे आणि टाळ्यांचे आवाज येणं बरं दिसलं नसतं, म्हणून आवाज बंद. कानाला काही लावायचीही सोय नव्हती, कारण त्या टेबलावरचा फोन मलाच घ्यावा लागायचा. त्यामुळे मी सगळे गेम मुके खेळायचो. आठवड्यातून एकदा घरी पंधरा मिनिटं आवाज लावून ऐकायचो आणि 'संगीत बरं आहे' असं एखादं वाक्य टाकायचो. हे वाचकांना कधी सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही.

असंच चालू असताना एका जानेवारीत लावण्याचा गेम माझ्याकडे आला. लावण्या शहराच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या घरातली मुलगी. घरी तेलुगू, शाळेत मराठी. पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करत होती, ती सोडून दोन मैत्रिणींना घेऊन परत आली आणि एका खोलीत तीन वर्षं खपून तिने चादर विणण्याचा गेम केला. पडद्यावर माग असतो. खेळणाऱ्यानं नक्षीचे पत्ते लावायचे, आडवा धागा नेणारा धोटा पळवायचा, धाग्याचा ताण सांभाळायचा. ताण चुकला की धागा तुटतो आणि चादरीत दोष राहतो. सोलापूरच्या कोणी केलेला आणि माझ्याकडे आलेला हा पहिला गेम होता, त्यामुळे मला आनंद झाला आणि भीतीही वाटली. आपल्या गावचा म्हणून झुकतं माप द्यायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं. माझ्या चुकीची सुरुवात बहुधा तिथेच झाली.

त्या आठवड्यात गड्ड्याच्या यात्रेच्या सुट्टीमुळे पुरवणी एक दिवस आधी छापायला जाणार होती. मी कार्यालयात गेम खेळलो, अर्थात मुका. धागे तुटत होते. का तुटतात ते कळेना. हात हळू करून बघितला, जोरात करून बघितला, तरी तुटत होते. घरची पंधरा मिनिटं त्या आठवड्यात झालीच नाहीत. मी लिहिलं:

"सोलापुरी चादर विणण्याचा खेळ. कल्पना गोड, रंग सुंदर. पण धागे कधी तुटतील याचा काही नेम नाही. खेळणाऱ्याला आधी कसलीही सूचना मिळत नाही. तासाभरात कौशल्यापेक्षा नशिबाचाच भाग जास्त वाटू लागतो. चिकाटी असेल त्यांनीच हात लावावा. बाकीच्यांनी सरळ चादर दुकानातून विकत घ्यावी."

शेवटच्या वाक्यावर मी स्वतःच खूश झालो. चहा पिऊन आलो आणि चार गुण टाकले.

पुढच्या सोमवारी निधन वार्तांच्या खुर्चीत एक सत्तरीचे गृहस्थ येऊन बसले. पांढरा सदरा, खिशात घडी घातलेला कागद. मी नेहमीप्रमाणे हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

ते मोठ्यानं बोलले, इतक्या मोठ्यानं की सगळं कार्यालय वळून बघायला लागलं. "आजून कोन गेलं न्हाय. पोरगी जानार हाय, पुन्याला."

खिशातला कागद म्हणजे माझं सदर होतं. हे लावण्याचे वडील, नरसय्या. चाळीस वर्षं माग चालवलेला माणूस. मागांच्या आवाजानं कान गेलेले, म्हणून बोलणं मोठ्यानं आणि समोरच्याचं ओठांवरून ओळखायचं. त्यांनी मला सगळं नीट समजावून सांगितलं, एखाद्या नवख्या कामगाराला सांगावं तसं. देशभरातल्या समीक्षकांचे गुण गोळा करून सरासरी दाखवणारी एक वेबसाइट आहे. आमच्या दैनिकाची वेब आवृत्ती निघाल्यापासून ती माझेही गुण घ्यायची, आणि याचा मला केवढा तोरा होता. चार समीक्षकांचे गुण जमल्याशिवाय ती सरासरी दाखवत नाही. लावण्याच्या गेमला तिघांनी आठ, आठ आणि सात दिले होते. चौथा मी. बेंगळुरूची एक कंपनी तो गेम मोठ्या प्रमाणावर बाजारात आणायला तयार होती, अट एकच, सरासरी शंभरात पंच्याहत्तरच्या वर हवी. माझ्या चार गुणांमुळे ती अडुसष्टावर आली. कंपनी मागे हटली तर मुलींना खोली बंद करून पुण्याची नोकरी धरावी लागणार होती.

मला वाटलं, आता हे गुण वाढवा म्हणणार. मी उत्तर जुळवत होतो. पण त्यांनी तसं काही म्हटलं नाही. त्यांनी तळहात माझ्या टेबलावर सपाट ठेवला आणि विचारलं, "मालक, तुमी आवाज लावून खेळलाव का?"

माझी नजर संगणकाच्या बंद स्पीकरकडे गेली. त्यांना ऐकू येत नव्हतं, त्यामुळे समोरच्याची नजर कुठे गेली ते त्यांना फार चटकन कळायचं.

"माग आधी सांगतोय की," ते म्हणाले. "धागा तुटायच्या आधी त्याचा ठेका बदलतोय. आमाला कोन शिकवलं न्हाय ते. कानच शिकले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर त्या खोलीवर गेलो. लावण्यानं दार उघडलं. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. तिने पाणी दिलं, खुर्ची दिली आणि आवाज लावून गेम सुरू केला. खोलीभर मागाचा खटाखट आवाज भरला. नरसय्या माझ्या शेजारी बसले, तळहात टेबलावर ठेवून. पाचेक मिनिटांनी त्यांनी एक बोट उचललं. मला काही कळायच्या आत धागा तुटला. पुढच्या वेळी बोट उचललं तेव्हा मी कान देऊन ऐकलं. ठेका किंचित जड झाला होता, भरलेली गाडी चढाला लागावी तसा. मी हात सैल केला आणि धागा टिकला. त्या माणसाला आवाज ऐकू येत नव्हता, पण टेबलाच्या थरथरीतून तो माग ऐकत होता.

दुपारपर्यंत मी चादर पुरी केली. पडद्यावर ती उलगडली आणि मी सवयीनं उठलो. गेम संपला की आम्ही समीक्षक उठतो, शेवटी येणारी नावं कोणी बघत नाही. नरसय्यांनी माझा हात धरला. "बसा की मालक. नावं येतात आता."

ज्यांच्या ज्यांच्या मागांचा आवाज त्या गेममध्ये घेतला होता, त्या सगळ्या विणकरांची नावं एकामागून एक वर सरकत होती. आडनावं नव्हती, नुसती नावं. ते प्रत्येक नावाला मान हलवत होते. मला शरम वाटली, आणि ती शरम अजून गेलेली नाही.

लावण्याची मी माफी मागितली. ती म्हणाली, "सर, सुरुवातीला 'आवाज चालू ठेवा' एवढी एक ओळ टाकायला पाहिजे होती. माग ऐकायचा असतो हे कुणाला सांगावं लागेल, असं आमच्या डोक्यातच आलं नाही." एवढं नुकसान करून आलेल्या माणसाला तिने निम्मी चूक वाटून घेऊन बसायला जागा दिली. मी ती निम्मी चूक घेऊ दिली नाही, पण ते वाक्य विसरलोही नाही.

दीक्षित बाईंना मी सगळं सांगितलं, मुका खेळतो हेही. त्यांनी मागच्या शनिवारची पुरवणी काढून ते चाळीस शब्द पुन्हा वाचले. मग म्हणाल्या, "त्याच जागी लिहा. तेवढ्याच शब्दांत." शनिवारी छापून आलं:

"मागच्या आठवड्यात या खेळाला चार गुण दिले, ते आवाज बंद ठेवून खेळल्यामुळे. चूक सर्वस्वी माझी. धागा तुटण्याआधी माग सांगतो. ऐकणाऱ्याला सगळं कळतं. शेवटपर्यंत खेळलो. हाताला, कानाला आणि डोळ्यांना एकाच वेळी कामाला लावणारा असा खेळ मी क्वचितच पाहिला. गुण आता आठ."

वेबसाइटला मी पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं: पहिला छापलेला आकडा बदलत नाही. कंपन्यांनी दबाव आणून गुण वाढवून घेऊ नयेत म्हणून तो नियम होता, आणि त्या नियमाचं कौतुक करणारा लेख पूर्वी मीच लिहिला होता. बेंगळुरूच्या कंपनीलाही लिहिलं. त्यांचं उत्तर आलं नाही. महिनाभरात खोलीला कुलूप लागलं आणि लावण्या मैत्रिणींसह पुण्याला गेली.

त्या काळात मी काम सोडायच्या विचारात होतो. एके दिवशी विजापूर वेशीकडून जाताना अब्दुलभाईंनी हाक मारली आणि काउंटरकडे बोट दाखवलं. काचेखाली माझे दुसऱ्या खेपेचे चाळीस शब्द होते, पूर्ण, एकही न कापता. "इस बार लफ्जां भी चिपकाया मैं," ते म्हणाले. एवढंच बोलून पुन्हा मोबाइल उघडायला लागले. मी तिथून सरळ कार्यालयात गेलो आणि माझं टेबल हलवून द्या म्हणून अर्ज दिला. त्यानंतर सदरासाठी मी एकही गेम मुका खेळलो नाही. निधन वार्तांचा फोन माझ्या जागी नव्यानं बसलेल्या एका बाईंनी घेतला, त्यांचे हे उपकार त्यांना ठाऊकही नसतील.

दीड वर्षानं लावण्याचा निरोप आला. पुण्यात नोकरी करत तिने शनिवार-रविवार गेमवर काम चालू ठेवलं होतं. माझे पहिले चाळीस शब्द तिने भिंतीला चिकटवले होते, हे ऐकून मला घाम फुटला. पण तिला त्यातून भलतंच काही दिसलं होतं. आवाज बंद असेल तर गेम खेळता येत नाही, म्हणजे नान्नांना, तिच्या वडिलांना, खेळता येत नाही. नान्नांसारख्या, मागावर कान गेलेल्या, पूर्व भागातल्या कितीतरी माणसांना खेळता येत नाही. ज्यांचा आवाज घेतला त्यांनाच तो गेम बंद होता. म्हणून तिने धाग्याला तुटण्याआधी बारीक थरथर दिली आणि खेळणाऱ्याच्या हातातल्या रिमोटलाही दिली. तिने विचारलं, "सर, एकदा आवाज बंद करून खेळून बघाल का? त्या कामात तुमच्याएवढा अनुभव कुणाकडे नाही." ती चेष्टा करत होती आणि मनापासूनही बोलत होती. मी खेळलो. चादर बिनदोष उतरली.

तो गेम त्यानंतर लोकांनी एकमेकांना सांगून खेळला. फार मोठं काही झालं नाही, पण मुली परत आल्या. आज त्याच भागात त्यांच्या दोन खोल्या आहेत आणि सहाजण काम करतात. आमची पुरवणी गेल्या वर्षी बंद झाली आणि मी निवृत्त झालो. तेव्हापासून दर मंगळवारी मी तिथे जातो. त्यांचा कुठलाही गेम बाहेर पडायच्या आधी मी तो एकदा आवाज बंद ठेवून खेळतो आणि काय कळलं नाही ते वहीत लिहून देतो. वेबसाइटवर माझे चार गुण अजून आहेत. मी अधूनमधून उघडून बघतो, आणि तसं बघत राहावं असंच मला वाटतं.

गेल्या महिन्यात त्यांचा दुसरा गेम पुरा झाला. लावण्यानं मला आणि नरसय्यांना शेजारी बसवून शेवटपर्यंत दाखवला. नावं सुरू झाली तेव्हा मी उठलो नाही, आता उठतच नाही. विणकरांची नावं गेली, मुलींची गेली, आणि खाली एक ओळ आली: 'आवाज बंद करून खेळणारे – मल्लिनाथ'.

मल्लिनाथ मीच. बावीस वर्षं माझ्या सदराखाली नाव छापलं जायचं, पण ते असं कधी वाचलं नव्हतं. डोळे पुसायला चष्मा काढावा लागला.

नरसय्यांनी नेहमीप्रमाणे मोठ्यानं विचारलं, "मग, किती दिलाव याला?"

मी त्यांना ओठ दिसतील असं वळून सावकाश सांगितलं, की ज्या गेममध्ये आपलं नाव असतं त्याला गुण देता येत नाहीत, आमच्या धंद्यात तसा नियम आहे.

त्यांनी तळहात टेबलावर सपाट ठेवला आणि मुलीला म्हणाले, "नावं परत लाव गं. मालकांचं नीट वाचायचं ऱ्हायलं."